मरणाची तिथी

फार पूर्वी शालिनगरीत दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पुरोहितकुळात जन्मला होता. आचार्य पूर्णक हे त्याचे नाव. त्या नगरीची एक रीत होती. कुळाला नकोशा झालेल्या माणसाचे जिवंतपणीच श्राद्ध घालीत. त्याच्या नावाने भरलेला पाण्याचा घडा बाप लाथेने उलथवी, आणि तो माणूस मेला असे धरीत.

एके सकाळी गजशाळेचा प्रमुख वज्रसेन आचार्यांना नदीवर घेऊन गेला. त्याच्या मुलाचा, मेघवर्णाचा, नंदक नावाच्या वीणावादकावर जीव जडला होता, आणि दोघे एकत्र संसार थाटून राहत होते. मेघवर्णाच्या नावाचा घडा काठावर भरून ठेवला होता.

"आटपा लवकर, आचार्य. धर्म बुडतोय."

आचार्यांनी दर्भ हातात घेतला. असे सात घडे आजवर त्यांच्या मंत्रांनी उलथले होते. ग्रंथ पाठ होते. पण ते आपल्याला खरेच समजले का, ही शंका हल्ली त्यांना घास गिळू देत नव्हती. त्यांनी विचारले, "तिथी?"

"कसली तिथी?"

"मरणाची. संकल्पात ती उच्चारावी लागते. आजवर मी गाळत आलो."

वज्रसेन अडखळला. "म्हणा... आषाढ वद्य पंचमी. त्या दिवशी मला कळलं."

"पंचमी?" मागे उभी असलेली त्याची बायको सुमना उसळली. "अहो, पंचमीला तुम्ही तापानं बरळत होतात! कपाळावर ओल्या पट्ट्या कुणी ठेवल्या? मेलेल्यानं? आणि काढा उकळत चुलीशी तो नंदक बसला होता."

"तू गप्प बस!"

"बावीस वर्षं बसले. आज त्या घड्याला पाय लावणार असाल, तर शेजारी माझाही भरून ठेवा."

आचार्यांना संताप आला. वज्रसेनाचा आला, त्याहून अधिक स्वतःचा. त्यांनी हातातला दर्भ मोडून टाकला.

"श्वास घेणाऱ्याला मेला म्हण, असं मला कुठल्याच गुरूनं शिकवलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं शिकलो आणि त्याला धर्म म्हटलं! सात आयांनी माझ्यासमोर ऊर बडवले, आणि मी मंत्रांचे स्वर सांभाळत बसलो. जा, वज्रसेना, दुसरा पुरोहित आण. पण त्यालाही ही तिथी सांग."

दुसरा पुरोहित मिळालाही असता. पण वज्रसेनाला ती तिथी पुन्हा उच्चारता येईना. उचललेला पाय घड्याच्या बाजूला खाली आला. सुमनेने घडा कमरेवर घेतला आणि मुलाच्या घराची वाट धरली. बरेच अंतर राखून, मान खाली घालून, वज्रसेन मागोमाग गेला. आचार्य मात्र उलट दिशेला निघाले. त्यांना सात दारांवर जायचे होते.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका उपासकाला सांगितली. त्यानेही धर्माचे नाव घेऊन आपल्या अशाच मुलाला घराचे दार बंद केले होते. कथा संपवून शास्ता त्याला म्हणाले,

"त्या जन्मीचा वज्रसेन तू. सुमना ही तुझी पत्नी. मेघवर्ण आणि नंदक ते, जे आत्ता विहाराच्या दाराबाहेर उभे आहेत. आचार्य पूर्णक मीच. आठव्या घड्यापाशी थांबलो, ती माझी सत्यपारमिता, सत्याची साधना. आधीचे सात घडेही माझेच."