सुभाना भोयाचा खांदा

पूर्णेकाठच्या पिंपळदरा गावी, मारुतीच्या देवळामागच्या खोलीत दाजीबुवा महाराज राहत होते, तेव्हाची ही हकिगत, भाविकहो.

गावात सुभाना नावाचा गरीब भोई होता. डोहात जाळं फेकावं, मिळेल ती मासळी विकावी आणि लेकरांचं पोट भरावं, एवढाच त्याचा संसार. भोयांची रीत अशी, की ज्याला जाळं फेकता येत नाही त्याची डोहावरची पाळी दुसऱ्याला जाते. अशात सुभानाचा उजवा खांदा धरला. हात वर नेला की डोळ्यांत पाणी यायचं.

भोयांचा नाईक तुळाजी म्हणाला, "काम केलं म्हंजी दुखणं पळतं! न्हाईतर बायकोला जाळं दे, आन् तू भाकरी थाप!" सगळे खो खो हसले. सुभानानं ईर्ष्येनं जाळं फेकलं आणि कळवळून खालीच बसला.

हे कळताच महाराज आले आणि त्यांनी खांदा चाचपला. म्हणाले, "बाबा, शीर दुखावली आहे. दुखणं कोवळं आहे तोवर जपलंस तर बरं होईल, नाहीतर हात आखडेल. तूर्त जाळं नको. मी रोज येऊन बघेन." आणि खरंच रोज येत! एरंडाचं पान गरम करून शेकत, हात सोसेल तेवढाच हलवत.

तुळाजीनं बजावलं, "अवसेपर्यंत जाळं पडलं न्हाई, तर पाळी गेली." आणि नेमके महाराजच तापानं अंथरुणाला खिळले. त्यांना कुणी उठवू नये म्हणून तुळाजी मोठ्या दिमाखात रात्रंदिवस त्यांच्या दाराशी राखणीला बसला. इकडे सुभानाचा धीर सुटला. "देवा, लेकरांनी खावं काय? त्यापरीस मला डोहातच घे रे!" म्हणून तो ढसाढसा रडला.

अवसेला तुळाजी पाळी काढून घ्यायला आला, तर सुभानाच्या खांद्यावर एरंडाचं पान आणि हात खांद्याच्या वर गेलेला!

"कुणी शेकला रं?"

"महाराजांनी. रोज येत्यात. आत्ताच गेले की."

"खोटारड्या! ते उठून बसलेबी न्हाईत. आत्ता हितं येईस्तवर मी दार सोडलं न्हाई!" पण खांद्यावरचं पान अजून गरम होतं.

तुळाजीनं धावत जाऊन महाराजांचे पाय धरले. महाराज तापानं फणफणले होते. क्षीण आवाजात म्हणाले, "तुळाजी, त्याचं अर्धं दुखणं मी माझ्याकडे आणलंय. अर्धं तिथंच आहे, ते रोज बघावं लागतं. मला आता जाववत नाही. तू जाशील?"

"जाईन, महाराज! पाळी त्याचीच ऱ्हाईल. तवर त्याचं जाळं मी फेकीन."

महाराजांनी आशीर्वादासाठी उजवा हात उचलला. तो उरापर्यंत आला आणि थांबला. तेव्हा तुळाजीच खाली वाकला आणि त्यानं आपलं डोकं त्या हाताखाली नेलं.