महाराजांच्या पिकअपची नवरी

पहिल्यांदा फक्त बशीतला चहा हलला.

टेंभूरगडचे महाराज रणधुमाळराव आपल्या लाडक्या, म्हाताऱ्या पिकअपमध्ये बसले होते. गाडी राजवाड्याच्या दारात जागेवर उभी, गिअरसुद्धा पडलेला नाही. महाराजांनी बशी ओठांना लावली आणि बशीत लाट उठली! इंजिन घुर्र करून चढलं, फुस्स करून बसलं, परत चढलं. चहा मिशीत गेला, मिशीतून अंगरख्यावर.

"बाळकू मेस्तरीला बुरुजात डांबा!"

बाळकू मेस्तरीनेच गाडीचं मेलेलं इंजिन काढून मोडीतल्या एका दुधाच्या टेम्पोचं इंजिन बसवलं होतं. बसवताना महाराज अडून बसले होते, "ही गाडी म्हणजे आमचा मुलगा! परकं इंजिन आमच्या घरात येईल ते सून म्हणूनच!" मग काय, लग्न लागलं. बॉनेटखाली अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, तांदळात नाव लिहून इंजिन सौ. गर्जनादेवी झालं. आणि आता सौ. गर्जनादेवी घुर्र-फुस्स करत होत्या.

बातमी ऐकून मेस्तरीची मुलगी शेवंता धावत आली. कॉलेजात शिकलेली, पण घाबरट इतकी, की कुकरची शिट्टी झाली तरी "सॉरी" म्हणायची.

"महाराज, आबांना सोडा ना! म्हणजे, सोडावं अशी विनंती... रागावू नका!"

"सोडतो की! उद्या शेजारचे महाराज येतायत. आज दिवस मावळायच्या आत इंजिन चालू ठेवून बॉनेटवर काठोकाठ भरलेली बशी ठेवून दाखव. इंजिनामुळे थेंब जरी सांडला, तर तुझा बाप जन्मभर ही गाडी ढकलेल!"

"बरं महाराज. पाना मिळेल?"

"पाना? खबरदार! आमच्या सुनेला परका हात लागता कामा नये!"

"हात न लावता दुरुस्त करू?"

"ते तुझं तू बघ!"

इतरांनी बघून झालंच होतं. राजवैद्यांनी बॉनेटला कान लावून "पित्त खवळलंय" असं सांगितलं आणि टाकीत कोकम सरबत ओतायला निघाले, तेव्हा लोकांनी त्यांना कमरेला धरून मागे ओढलं. प्रधानांनी अंगाई म्हणवून घेतली. ड्रायव्हर हिंदुराव तेवढा म्हणाला, "महाराज, तुम्ही बांधलेली ती गाठ..." पुढचं वाक्य कोणी ऐकलं नाही. हिंदुराव आता तबेल्यात होता. प्रत्येक घोड्याची हात जोडून माफी मागायची, अशी त्याला शिक्षा होती.

शेवंताने बॉनेट उघडायला लावलं आणि हात पाठीमागे घट्ट धरून आत वाकली. इंजिन घुर्र झालं की ती दचकायची, फुस्स झालं की पुन्हा दचकायची. असं दचकत दचकतच तिला दिसलं. ॲक्सिलरेटरच्या वायरने ओढली जाते ना, त्या पट्टीला लग्नातलं काकण बांधलेलं होतं! पाय उचलला की पट्टी मागे जाऊन टेकायला हवी, पण काकणातलं जाडजूड हळकुंड महिनाभरात सरकत सरकत येऊन मध्येच अडकलेलं. इंजिन थरथरलं की हळकुंड सरके, आणि हळकुंड सरकलं की इंजिन चढे.

"हे काकण कोणी बांधलं?"

"आम्ही!" महाराजांनी मिशी पिळली. "गाठ बघ गाठ! हत्ती बांधला तरी सुटणार नाही!"

प्रधानांनी हळूच तबेल्याकडे बोट दाखवलं. शेवंताने ओठावर आलेला शब्द गिळला. मग सज्जात उभ्या असलेल्या राणीसाहेबांकडे बघून तिने एकदम कपाळाला हात लावला.

"अगंबाई राणीसाहेब! लग्नाला महिना होत आला आणि नवरीचं काकण अजून सोडलं नाही?"

"इश्श्य! खरंच की!" राणीसाहेब कठड्यावरून वाकल्या.

"मग ती बिचारी काय करेल? अजून मांडवातच आहे ती! उठू की बसू, उठू की बसू, तिला कळेच ना!"

महाराजांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे गाठ चुकली म्हणतेस?"

"छे छे! गाठ झकास आहे. विधी अर्धा राहिलाय."

"मग गाडीनं सोडावं काकण! नवरा आहे ना तो?"

"त्याला हात कुठायत महाराज? घरातल्या मोठ्या माणसानेच सोडायला हवं."

"पण आम्ही म्हटलंय, परका हात..."

"आशीर्वादाचा हात परका कसा?" शेवंता म्हणाली आणि स्वतःच्याच धिटाईने दचकली. "आणि एकाच हाताने हं! रीत आहे."

महाराजांनी डावा हात पाठीमागे धरला आणि बॉनेटखाली डोकं घातलं. गाठ सुटेना! नाकाला काळं लागलं, फेटा तिरका झाला.

"आपल्या लग्नात माझं काकण सोडायला दुपार केली होतीत!" राणीसाहेब वरून ओरडल्या. "शेवटी दातांनी तोडलंत!"

"तोडलं नव्हतं! झिजलं होतं ते!" बॉनेटमधून आवाज आला.

तेवढ्यात हळकुंड टपकन खाली पडलं. पट्टी टक् करून जागेवर गेली. आणि सौ. गर्जनादेवी पोटभर दूध प्यालेल्या मांजरीसारख्या गुरगुरू लागल्या. बॉनेट लावलं, वर बशी आली. काठोकाठ चहा. एक थेंब सांडला नाही!

महाराजांनी हळकुंडाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, मग शेवंताकडे पाहिलं.

"पोरी, म्हणजे गाठच..."

"मी गाठीला काही म्हणाले का महाराज?"

महाराज एवढे हसले, की त्यांनी बॉनेटवर थाप मारली आणि बशी पालथी झाली!

"सांडला!" प्रधान पुटपुटले.

"तो सुनेनं नाही सांडला," शेवंता घाईघाईने म्हणाली, "सासऱ्यांनी सांडला!"

आता महाराजांना हसून हसून उभं राहवेना. "माग! काय हवं ते माग!"

"आबा. आणि तबेल्यातले हिंदुराव."

"दिले! आणि आजपासून या गाडीचा पाना तुझ्या हातात. तुझा हात या घराला परका नाही!"

शेवंता बुरुजाखाली धावली. "आबा!"

तिने बुरुजाच्या दारावर थापा मारल्या.

"आबा! अहो आबा!"

वरची खिडकी करकरली आणि बाळकू मेस्तरीचं विस्कटलेलं डोकं बाहेर आलं.

"काय गं ओरडतेस? ते घुर्र-फुस्स थांबलं म्हणून आत्ता कुठं डोळा लागला होता!"