नास्तिकाची खुर्ची

एका ख्रिस्ती धर्मशास्त्र महाविद्यालयात एम.ए.ला ‘विश्वासाचं समर्थन’ हा विषय घेणाऱ्याला शेवटी एका खुर्चीला तोंड द्यावं लागे. तोंडी परीक्षेत रणनवरे सर त्या खुर्चीत बसत आणि बसले की नास्तिक होत. भल्याभल्यांना रडकुंडीला आणल्याचा त्यांना कोण अभिमान.

सुवार्ता पाटोळेची पाळी आली. तिचे पहिले दोन युक्तिवाद सरांनी बोलता बोलता निकालात काढले.

“प्रार्थना म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं,” ते म्हणाले. “आत कुणी आहे, हे सिद्ध कर.”

सुवार्ताला पाठ केलेलं सगळं आठवत होतं. पण तिला सकाळची चॅपेलमधली प्रार्थनासभाही आठवत होती. दवाखान्यात असलेल्या आपल्या बायकोसाठी, मार्थाबाईंसाठी, याच सरांनी सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितलं होतं.

“सर,” ती हळूच म्हणाली, “मग मार्थाबाईंसाठी आम्ही कडी वाजवतोय, ते थांबवू का?”



“थांबवू नकोस, पोरी,” सर म्हणाले. पण तेवढं म्हणायला त्यांना खुर्चीतून उठावं लागलं.