वाघमोडे मास्तरांची ओंजळ

“मग चूक कुणाची, बाबा? तुम्हीच सांगा.”

नसीरबाबा पाणपोईचा रांजण भरत होते. घाटाखालच्या चिंचेखाली तीस वर्षं त्यांचं हेच काम. शहाणीसुरती माणसं त्यांच्याकडे अडचणी घेऊन येत. आज इंग्रजीचे वाघमोडे मास्तर आले होते.

“मी वर्गात पाण्याच्या भांड्याचं चित्र दाखवलं. वैजंता म्हणाली, जग. मी म्हटलं, चूक! हा पिचर. आणि दिलं बाकावर उभं करून.”

“मग?”

“चार दिवस शाळेत आली नाही. खडी फोडणाऱ्यांची पोर... पण भारी हुशार हो, बाबा. शाळा सुटली तर कायमची सुटेल.”

मास्तरांच्या जिवाला घोर लागला होता, पण ताठा काही जात नव्हता.

“जग आणि पिचर. फरक काय रे?”

मास्तर खुलले.

तेवढ्यात मिरच्यांचं गाठोडं घेऊन एक बाई आली. बाबांनी स्टीलचं भांडं मास्तरांच्या हातात दिलं. “पाज तिला. पाजता पाजता सांग.”

बाईनं खाली वाकून ओंजळ तोंडाला लावली. मास्तर ओतू लागले.

“हे बघा, जग आटोपशीर. तोंड अरुंद. पिचर मोठा, पसरट ओठाचा, पंगतीला पुरणारा. पुस्तकात स्पष्ट...”

बाई मान हलवत होती. पाणी कोपरांवरून, लुगड्यावरून, थेट गाठोड्यावर.

“अगं बाई! मास्तर, बास की! मिरच्या भिजवल्या माझ्या!”

मास्तर ओशाळले. “अहो, मग आधी सांगायचं नाही का?”

“तोंडाला ओंजळ लावल्यावर बोलू कशी? आँ?”

ती हसत हसत गाठोडं झटकून निघून गेली.

मास्तर भांड्याकडे बघत राहिले.

“ती पण... काहीतरी सांगत होती, बाबा. वैजंता. बाकावर उभी असताना. मी फळ्यावर पिचर लिहीत होतो.”

बाबा खाली बसले आणि आपलीच ओंजळ तोंडाला लावली.

मास्तर ओतू लागले. या वेळी गप्प. नजर बाबांच्या गळ्यावर... घोट... घोट... गळा थांबला, तसे मास्तरही थांबले. बाबांना मान हलवावी लागली नाही.

थेंबभरही पाणी सांडलं नाही. मास्तरांना इतकं बरं वाटलं, की ते एकटेच हसले.

“पण बाबा, फरक तर आहेच ना?”

“आहे की.”

“मग तिला कसा सांगू?”

बाबांनी दाढी पुसली आणि ते भांडं काठोकाठ भरून मास्तरांच्या हातात दिलं.

“खडीवर ऊन फार असतं. हे घेऊन जा. आणि मास्तर... तिचं बोलून होईपर्यंत ओतू नकोस.”