खाणावळवाली कुठे जेवते?

एकदा एका तीर्थक्षेत्रीच्या अन्नछत्रातील वृद्ध आचार्यांनी आपल्या शिष्याला वर्षभर बाहेर जेवायला पाठवले. आजवर कोणा गुरूने इतके रुचकर तप सांगितले असेल, असे मला तरी वाटत नाही.

आज्ञा एवढीच होती : "जिथं पुन्हा जावंसं वाटेल त्या जागा लक्षात ठेव. परतलास की छत्राचा कारभार तुझ्याकडे द्यायचा की नाही, ते ठरवू." शिष्य दहा वर्षे छत्रात रांधत होता. कारभार आपल्याकडे यावा ही त्याची मनापासून इच्छा होती, आणि त्यात गैर काहीच नव्हते.

वर्षाने तो चांगला गुटगुटीत होऊन परतला. नऊ जागा त्याला तोंडपाठ होत्या. घाटाखालच्या एका हॉटेलातला अख्खा मसूर, एका वळणावरचे धपाटे आणि त्यांवरचा लोण्याचा गोळा, हे सांगताना त्याच्या तोंडाला पुन्हा पाणी सुटे. पहिला मान त्याने शहरातल्या एका भोजनगृहाला दिला. तिथे थाळीत एकवीस पदार्थ असत. शेवटचे नाव बाजारतळाजवळच्या अनसूयाबाईंच्या खाणावळीचे होते.

"तिथं नुसतं पिठलं, भाकरी आणि ठेचा," तो ओशाळून म्हणाला. "पण का कोण जाणे, सात वेळा गेलो."

"पहिली आणि शेवटची मला दाखव," आचार्य म्हणाले.

भोजनगृहात ते पोहोचले तेव्हा गर्दी ओसरली होती. शिष्याच्या पोटात कावळे ओरडत होते. आचार्य मात्र टेबलाशी बसलेच नाहीत. ते थेट मालकापाशी गेले आणि म्हणाले, "आपलं जेवण व्हायचं असेल, तर आपल्याबरोबरच बसतो."

मालक मनमोकळे हसला. "माझा डबा घरून येतो, महाराज. रोज हे खाऊन कसं भागेल?"

आचार्यांनी नम्रपणे हात जोडले आणि ते बाहेर पडले. एकवीस पदार्थांकडे पाठ फिरवताना शिष्याला गुरूंचा राग आला. खोटे कशाला सांगू, मलाही आला असता.

अनसूयाबाईंना आचार्यांनी तेच विचारले. त्या म्हणाल्या, "अजून कुठलं जेवण? गिऱ्हाईक उठल्याबिगर मी बसत न्हाई. या की, संगंच बसू." भाकऱ्या थापणाऱ्या दोघी बायकांसह सगळे जमिनीवर बसले. पिठले त्याच पातेल्यातले, तळाशी राहिलेले. दोन घास खाऊन बाई थांबल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "ठेचा लईच जळजळतोय गं. उद्या मिरच्या कमी घे."

आचार्य तृप्तीने जेवले. वाटेत शिष्याने विचारले, "गुरुजी, मालक कुठं जेवतो याच्याशी चवीचा काय संबंध?"

"चव पाहणं वेगळं आणि जेवणं वेगळं," आचार्य म्हणाले. "थेंबभर चाखलं तर सगळंच बरं लागतं. पोटभर खाल्लं म्हणजे दोष कळतो. त्या बाईला आजची चूक आजच कळली. ती चूक उद्या तिथं नसेल. तू सात वेळा का गेलास, त्याचं उत्तर हेच आहे."

शिष्य मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, मी आपल्या छत्राची आमटी कधी जेवलोच नाही. नैवेद्य झाला की थेंबभर तळहातावर घेऊन पाहतो. माझ्यापुरतं साधं वरण मी फोडणीआधीच काढून ठेवतो." बोलताना त्याला मनस्वी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीसारखा स्वयंपाक केला. वरण मात्र वेगळे काढले नाही. सारे यात्रेकरू उठल्यावर शेवटच्या पंगतीत तो पान मांडून बसला आणि आमटी-भात ओरपू लागला. अर्धे पान संपता संपता त्याचा हात थांबला.

"गुरुजी, आमटीत चिंच फार होते आहे."

"दहा वर्षं होते आहे," आचार्य म्हणाले. "मी दोनदा सांगितलं, तू दोनदा मान डोलावलीस."

शिष्याने उरलेला भात मुकाट्याने संपवला. तो हात धुऊन आला, तेव्हा कोठीच्या किल्ल्या त्याच्या पाटावर ठेवलेल्या होत्या.