क्लच प्लेटची परीक्षा

या कथेच्या एका पाठात भांडण बैल आणि चाकांचे आहे, दुसऱ्यात मोट आणि नाड्याचे. येथे घेतलेला पाठ जुन्या जीपचा आहे.

फार पूर्वी एक जीप घाटात अडली. इंजिन गरजे, चाके मात्र हलेनात. मालक दत्ताजीराव वैतागून म्हणाले, “उद्या हिला भंगारात घालतो!”

“ऐकलंत, ऐतखाऊंनो?” इंजिन चाकांवर खेकसले.

“तुझी ताकद पोचते कुठे आमच्यापर्यंत?”

इंजिनाची ताकद चाकांकडे पोचवणारी, दोघांमधली क्लच प्लेट घसरत होती; पण बोललो तर आपल्यालाच फेकतील, या भीतीने ती गप्प होती.

“मी चाकं धरतो,” हँडब्रेकआजोबा म्हणाले. “टॉप गिअर पडू दे, क्लचचं पेडल सुटू दे. प्लेटची पकड असेल, तर अडलेल्या चाकांमुळे इंजिन बंद पडेल.”

दत्ताजीरावांनीही नेमके तेच केले. इंजिन खुशाल चालू! “पाहा, मी नाही बंद पडलो!”

“अरे शहाण्या, तेच तर दुखणं!” आजोबा म्हणाले.

सगळे प्लेटकडे वळले. ती रडवेली झाली. “आजोबा, पेडल सोडलं तरी मालकांचा पाय त्यावर टेकलेलाच असतो. मी घट्ट बसू कशी?”

ते ऐकून पेडलने अंग झटकले. दत्ताजीरावांचा पाय बाजूला पडला आणि इंजिन धाडकन बंद पडले. मग त्यांनी इंजिन पुन्हा सुरू केले, गिअर टाकून पाय पेडलवरून पूर्ण दूर घेतला, आजोबांनी चाके सोडली आणि पहिल्या गिअरमध्ये जीप घाट चढून गेली.