पिल्लू वर येईना

एक होती उंदरी. तिचं नाव चिचू. चिचूचं घर जीपमध्ये, इंजिनाशेजारी. तिला एकच पिल्लू.

एक दिवस गॅरेजात जीप थरथरायला लागली. थड् थड् थड्! पिल्लू घसरलं. खाली पत्र्यावर पडलं. पत्रा तेलकट. पत्रा तापलेला. पिल्लू वर चढे. थड्! परत खाली.

“चूं! चूं! चूं!”

चिचू वरून ओरडली, “पत्र्या पत्र्या, हलू नको. पिल्लू वर येईना.”

“मी नाही थांबणार. आधी इंजिनाला सांग.”

चिचू पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

“इंजिना इंजिना, शांत हो. पत्रा थांबेना, पिल्लू वर येईना.”

“मी नाही होणार. ठिणगी चुकते, म्हणून माझी थडथड. आधी प्लगला सांग.”

“चूं! चूं!”

तुरुतुरु तुरुतुरु.

“प्लगा प्लगा, ठिणगी टाक. इंजिन शांत होईना, पत्रा थांबेना, पिल्लू वर येईना.”

“मी नाही टाकणार. आधी वायरला सांग.”

“चूं!”

तुरुतुरु तुरुतुरु.

“वायरबाई वायरबाई, वीज आण. प्लग ठिणगी टाकेना, इंजिन शांत होईना, पत्रा थांबेना, पिल्लू वर येईना.”

“मी नाही आणणार. मी तुटलेय. आधी मिस्त्रीला सांग.”

मिस्त्री म्हणजे दस्तगीरचाचा. ते इंजिनाला कान लावून ऐकत होते.

“चाचा चाचा, वायर जोडा. वायर वीज आणेना, प्लग ठिणगी टाकेना, इंजिन शांत होईना, पत्रा थांबेना, पिल्लू वर येईना.”

“न्हाई जोडणार. कुठं तुटलीय ते घावल्याशिवाय न्हाई. तवर इंजिन बी बंद न्हाई.”

चिचूने मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं!

तिने कान टवकारले. पिल्लाचा आवाजच येईना.

“बॅटरीच्या मागे तुटलीय, चाचा. मीच कुरतडली. दात शिवशिवत होते. तुकडे घरट्यात घातले.”

मग चाचांनी वायर जोडली. वायरने वीज आणली. प्लगने ठिणगी टाकली. इंजिन शांत झालं. पत्रा थांबला. आणि पिल्लू हळूहळू, लंगडत लंगडत वर आलं. त्याचा एक पाय भाजला होता.

चिचूने त्याला चाटलं. खूप खूप चाटलं.

पण चाचांनी घरटं उचललं. भिरकावून दिलं. “जा आता. परत हितं दिसू नगंस.”

चिचू पिल्लाला घेऊन जुन्या टायरात शिरली. टायर गार. वारा गार.

“आई, घरी जाऊ या ना,” पिल्लू म्हणालं.

“नाही रे राजा,” चिचू म्हणाली. “आपलं घर आईनंच कुरतडलं.”

इंजिन झालं गार. गोष्ट झाली पार.